दीक्षा तायडे समुद्रावर जाते

दीक्षानं मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. ती समोरच्या दारातून आली, खुर्ची ओढून बसली, चार काड्या हातात घेतल्या आणि म्हणाली, "रागिणी, मी एका शर्यतीत नाव दिलंय."

मला वाटलं, मॅरेथॉन. अमरावतीत हल्ली थंडी पडली की कुणीतरी मॅरेथॉन भरवतंच. मी विचारलं, "किती किलोमीटर?"

"माझ्या वाट्याला साधारण नऊ हजार येतील."

मग तिनं नीट सांगितलं. शर्यत शिडाच्या बोटींची होती, जगाला वळसा घालणारी. इंग्लंडमधून निघायचं, टप्प्याटप्प्यानं महासागर ओलांडायचे आणि वर्षभरानं परत तिथंच यायचं. बोटीवर कप्तान तेवढा पेशाचा. बाकीचे वीसेक लोक तुमच्या-माझ्यासारखे, कुणी डॉक्टर, कुणी दुकानदार, कुणी निवृत्त. आधी कधी शिडाला हात लावलेला नसला तरी चालतं, ते शिकवून घेतात. काही जण पूर्ण फेरी करतात, काही एकच टप्पा. दीक्षानं एकच मागितला होता, आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून ऑस्ट्रेलियापर्यंतचा.

"तुला पोहता येतं?" मी विचारलं.

"नाही ना. तेच विचारायला आले. तलावावर तुझ्या ओळखीचं कोणी आहे का?"

तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. जलसंपदा विभागात उपअभियंता. रुक्मिणीनगरातल्या आमच्या इमारतीत आम्ही दोघी समोरासमोर राहतो. मी शाळेत गणित शिकवते. लग्न तिनं केलं नाही. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली, जुळलं नाही, मग तिनंच तो विषय मिटवला. फार हळू बोलायची. लिफ्टमध्ये तिनं काही विचारलं तर मला मान वाकवून कान पुढे करावा लागायचा. अशी बाई समुद्रावर जायचं म्हणते, हे ऐकून मी हसले नाही, पण मेथीत काड्या किती गेल्या हे मात्र त्या दिवशी पाहिलं नाही.

मी मूळची दर्यापूरची. गावाच्या नावात दर्या आहे, बाकी समुद्र तिथून दोन्ही बाजूंनी शेकडो कोस दूर. खारट पाण्याचा अनुभव मात्र भरपूर. आमचा तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. दीक्षाचं गाव बार्शीटाकळी, अकोल्याच्या अलीकडे-पलीकडे म्हणा. तिचे बाबा, देवमन तायडे, महानच्या धरणावर कालवा चौकीदार होते. त्यांची सगळी नोकरी काटेपूर्णेच्या त्या पाण्याच्या काठावर गेली. दीक्षा आणि तिचा धाकटा भाऊ ललित धरणाच्या क्वार्टरमध्ये वाढले. पण पोरांनी भिंतीवरून खाली, दगडांच्या उतारावर पाय ठेवायचा नाही, असा बाबांचा हुकूम होता. वर्षाकाठी एखादा तरी बुडायचा. पोहायला आलेला, मासे धरायला आलेला, कधी मुद्दाम आलेला. बाहेर काढायच्या वेळी चौकीदाराला हजर राहावंच लागे. घरी आल्यावर बाबा जेवत नसत, एवढंच पोरांना कळायचं.

शिकून ती त्याच खात्यात इंजिनिअर झाली. पाण्याची पातळी, आवक, विसर्ग, गळती यांतच वीस वर्षं काढली. मग एका प्रशिक्षणासाठी पुण्याला खडकवासल्याला गेली असताना दुपारच्या सुट्टीत तिनं जलाशयावर चार-पाच छोट्या शिडाच्या होड्या पाहिल्या. "महानच्या पाण्यावर मी फक्त भोयांचे डोंगे पाहिले होते," ती मला सांगत होती. "हे वेगळंच होतं. आवाज नाही, धूर नाही. वारा समोरून येत होता, तरी होड्या वाऱ्याकडेच जात होत्या. हे कसं होतं ते मला कळेना. मी इंजिनिअर आहे ना गं, मला कळायला पाहिजे होतं." दुपारच्या सत्राला ती उशिरा पोचली. रात्री खोलीवर बसून तिनं वारा आणि शीड यांचं गणित सोडवलं. गणित सुटलं, पण पाहिलेलं डोक्यातून गेलं नाही. तिथून वाचत वाचत, शोधत शोधत ती या शर्यतीपर्यंत आली.

शर्यतवाल्यांनी संगणकावरच मुलाखत घेतली. बोट चालवली आहे? नाही. समुद्रात राहिला आहात? नाही. डोंगर चढणं, पळणं, काही खेळ? नाही. शेवटी त्यांनी विचारलं, भीती वाटली की तुम्ही काय करता? तिनं सांगितलं की एका पावसाळ्यात धरण भरून वाहत असताना दरवाजे किती आणि केव्हा उघडायचे हे ठरवायची जबाबदारी तिच्यावर होती आणि खाली गावं होती. "तेव्हा भीती वाटली नाही," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर हात कापायला लागले. भीती मला नंतर येते." त्यांनी तिला घेतलं.

पोहणं शिकवायला मी तिला खुशालरावांकडे नेलं. खुशालराव ठाकरे साठी ओलांडलेले, आवाज पहाडी, गळ्यात शिट्टी. सकाळची बायकांची बॅच त्यांच्या सूनबाई घेत, पण दीक्षाचं ऐकून ते स्वतःच काठावर येऊन उभे राहिले.

"मॅडम, कायची घाई हाये?"

"मला समुद्रावर जायचंय," दीक्षा हळूच म्हणाली.

"काय म्हनता?"

"समुद्रावर जायचंय," मी ओरडून सांगितलं.

त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग पयले ह्या चार फुटात उतरा."

पहिले पंधरा दिवस तिनं कठडा सोडला नाही. नाकात पाणी गेलं की ती काठाला लटकून खोकत राहायची आणि बाजूला सात-आठ वर्षांच्या पोरी माशांसारख्या ये-जा करायच्या. मी बाकावर पेपर तपासत बसायचे. हिंमत द्यायला गेले होते, पण खरं सांगायचं तर मलाच तिच्यापेक्षा जास्त धडकी भरायची. खुशालराव चिडत नसत. "मॅडम, पान्यासंगं कुस्ती नका खेळू. त्याले अंगावर घ्या ना. खाट समजा," असं सांगत. एके सकाळी ती खरंच खाटेवर पडल्यासारखी पाण्यावर पडली, डोळे मिटून, कान पाण्यात. खुशालरावांनी शिट्टी वाजवून पोरींना थांबवलं. "पाहा," ते म्हणाले, "ह्याले म्हन्ते तरंगनं."

त्यानंतर तिची प्रगती भराभर झाली. उन्हाळा लागेपर्यंत ती तलावाच्या चार फेऱ्या न थांबता मारू लागली. कपडे घालून, लाइफ जॅकेट बांधून पाण्यात उडी मारायचा सरावही सुरू झाला.

बाबांना हे सगळं तिनं तेव्हा सांगितलं. त्यांना नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बार्शीटाकळीच्या घरी आम्ही दोघी गेलो होतो. ओसरीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली देवमनकाकांची खुर्ची. दीक्षाच्या आईनं, सुंदराबाईंनी, मुगवड्यांची भाजी आणि भाकरी केली होती. जेवणं झाल्यावर दीक्षानं सांगितलं, शर्यतीच्या खर्चासाठी प्लॉट विकल्याचंही. ललित तालमीतल्या पैलवानासारखा उभाच राहिला.

"ताई, तू पागल झाली काय? लोकं ह्या वयात घर बांधतात. तू प्लॉट इकून पान्यात जाऊन राह्यली?"

"प्लॉट माझा होता, ललित."

"तुयाच होता. म्या काय मागतला काय? पन काही झालं तं?"

सुंदराबाईंनी ताटं उचलली. काका बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "तुले पोहता येते आता?"

"येतं बाबा."

"मले नाई येत," काका म्हणाले.

दीक्षानं मान वर केली. तिला हे माहीत नव्हतं. ललितलाही नव्हतं. ज्या माणसानं सगळी उमर धरणाच्या काठावर काढली, पावसाळ्यात अंधारात भिंतीवरून कंदील घेऊन फेऱ्या मारल्या, त्याला पोहता येत नव्हतं आणि त्यानं ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"कोनी इचारलंच नाई," काका म्हणाले. "चौकीदार म्हनजे येतच असन, असं समजले सारे. मंग मी बी सांगतलं नाई. पन लेकरं काठाले गेले का मले एकच वाटे. तुमी पडले तं मी काय करतो?"

पुढच्या आठवड्यात ते एकटेच एसटीनं अमरावतीला आले. पांढरा सदरा, धोतर, हातात काठी. तलावावर पुरुषांना बायकांच्या वेळेत आत सोडत नाहीत, पण खुशालरावांनी बॅच संपल्यावर अर्धा तास तलाव मोकळा ठेवला. काका काठावरच्या पायरीवर बसले. दीक्षानं पूर्ण कपड्यांत उडी मारली, खाली गेली, वर आली, डोळ्यांवरचे केस मागे सारले आणि जागच्या जागी हातपाय हलवत तरंगत राहिली. मग तलावाच्या त्या टोकाला गेली, परत आली, परत गेली. काकांनी काठीवर दोन्ही हात ठेवले होते. ती वळली की त्यांची मान वळायची. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "पुरे. ये भाईर. थंडी वाजन."

मे महिना होता. बाहेर डांबर वितळत होतं.

जाताना त्यांनी खुशालरावांचा हात हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. ललितचा त्यानंतर बरेच दिवस फोन आला नाही. महिन्याभरानं आला तेव्हा त्यानं विचारलं की बोटीवर मोबाइल चार्ज करायची सोय असते का, म्हणजे मी समजले की तो आला ताळ्यावर.

हिवाळ्यात ती मुंबईला जाऊन बंदरात छोट्या बोटी चालवायला शिकली. परतल्यावर हाताला घट्टे, नाकाची साल निघालेली. वसंतात शर्यतीचं पहिलं प्रशिक्षण होतं, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. रजा मागताना साहेबांनी सुचवलं की कारण कौटुंबिक द्या, लवकर मंजूर होईल. तिनं खरं कारणच दिलं. ते ऑफिसभर झालं आणि कँटीनवाला तिला ‘कप्तान मॅडम’ म्हणू लागला.

तिथलं सगळं तिनं मला फोनवर सांगितलं, तुटक तुटक. बोट दोन एसटी गाड्या पुढेमागे लावल्याएवढी लांब. पण निम्मा वेळ एका अंगावर कललेली, म्हणजे झोपायचं, शिजवायचं, दोर ओढायचे ते सगळं भिंतीवर उभं राहून केल्यासारखं. पहिले दोन दिवस ती ओकत होती. ओकून झालं की परत दोर धरत होती. थंडी अशी की बोटं आहेत की नाहीत ते बघून खात्री करावी लागे. कप्तान एक स्कॉटिश बाई होती, मोराग नावाची, पन्नाशीची, मिचमिच्या डोळ्यांची. सोबत्यांपैकी ओवेन नावाच्या म्हाताऱ्याशी तिचं जमलं. तो वेल्सचा, निवृत्त बेकरीवाला. जहाजाच्या हलत्या भट्टीत तो पाव भाजायचा आणि दीक्षा त्याला आईनं दिलेली जवसाची चटणी द्यायची.

पहिलं प्रशिक्षण संपलं तेव्हा मोरागनं एकेकाला बोलावून सांगितलं. दीक्षाला म्हणाली, तुझे हात चांगले आहेत, डोकं चांगलं आहे, तू घाबरत नाहीस. पण मला तू ऐकू येत नाहीस. वाऱ्यात, पुढच्या टोकाला तू उभी असशील आणि तुला काही दिसलं, तर ते मागे आम्हाला कळलं पाहिजे. कुणी पाण्यात पडलं आणि ते पहिल्यांदा तुला दिसलं, आणि तुझा आवाज पोचलाच नाही, तर? पुढच्या प्रशिक्षणापर्यंत हे सुधारलं नाही तर मी तुला बोटीवर घेऊ शकत नाही.

ती परत आली ती खचून. ओकारी, थंडी, झोप नसणं, सगळं निभावलं होतं. आवाजाचं काय करायचं? माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं मला एक गोष्ट सांगितली. बार्शीटाकळीहून इंजिनिअरिंगला अमरावतीत आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात होस्टेलच्या मेसमध्ये ती मोठ्यानं म्हणाली होती, "मले भाजी नाई भेटली." पुण्या-नाशिकच्या मुली हसल्या. पुढे महिनाभर त्या तिला पाहिलं की "मले, मले" करायच्या. तेव्हापासून ती बोलण्याआधी मनात वाक्य तपासू लागली. ‘मले’चं ‘मला’ करायचं, ‘हाये’चं ‘आहे’ करायचं, मग बोलायचं. तपासत तपासत बोलायचं तर हळूच बोलावं लागतं. इंग्रजीत तर आणखीनच हळू. हे होऊन पंचवीस वर्षं झाली होती.

"गावी जा," मी म्हटलं.

ती गेली. सुंदराबाईंना तिनं अडचण सांगितली. लेकीच्या शर्यतीबद्दल तोवर त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. या वेळी मात्र त्या उठल्या. सकाळी लेकीला घेऊन त्या शेतात गेल्या. त्यांचं चार एकर, मधून नाला. दीक्षाला एका बांधावर उभं केलं आणि स्वतः चालत पार दुसऱ्या टोकाला, बाभळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वय सत्तरीचं, पण तिथून जी हाक आली ती दीक्षाच्या छातीत वाजली.

"दीक्षेऽऽ! ऐकू येते काऽऽ?"

"येतं, माय."

"काय म्हंतंऽऽ?"

"येतं!"

"काहून वं, जेवली नाईस काऽऽ?"

शेजारच्या वावरात धसकटं वेचणं चालू होतं. बाया कंबर सरळ करून पाहू लागल्या. दीक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पुन्हा हाक दिली, घसा ताणून. आवाज फाटला. सुंदराबाई तिथूनच म्हणाल्या, "गळ्यातून नोको काढू. पोटातून काढ. आन् पुस्तकातलं नोको बोलू. मले हाक मारून राह्यली ना तू? मंग मलेच हाक मार."

त्या बायांनीच मग तिला सांभाळलं. एक म्हणाली, "बाई, सांग तिले, पानी आन." दुसरी म्हणाली, "बैल सुटला म्हन." दीक्षा हसली आणि हसता हसता ओरडली, "मायऽऽ, बैल सुटला वंऽऽ!" आवाज बाभळीपर्यंत गेला. सुंदराबाईंनी खरंच मागे वळून पाहिलं.

रोज सकाळी हे चालायचं. आठ-दहा दिवस. ललित मला फोनवर म्हणाला, "रागिणीताई, गावात लोक इचारून राह्यले का तायडेच्या घरी भांडन झालं काय."

पावसाळ्याच्या सुरुवातीला ती दुसऱ्या प्रशिक्षणाला गेली. मोरागनं पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी वारा वाढला. पुढचं शीड बदलायचं चाललं होतं. विंच म्हणून पोलादी चरखी असते, तिला वेढे देऊन दोर ताणतात. शिडात वारा भरला की त्या दोरावर काही टन ओढ येते. दोराचा एक वेढा अडकला होता आणि ओवेन तो बोटांनी सोडवत होता. शीड त्या क्षणी सैल होतं, म्हणून त्याला जमत होतं. दीक्षा दुसऱ्या बाजूला होती. तिला पाण्यावरून वाऱ्याच्या झोताची काळी रेघ सरकत येताना दिसली, शिडाचं टोक थरथरताना दिसलं, आणि ओवेनची बोटं दोराखाली दिसली. इंग्रजी वाक्य जुळवायला वेळ नव्हता.

"ओवेन! हात काढ! हात काढ बेऽऽ!"

असं ‘बे’ तिनं आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. ओवेनला मराठीचा गंध नाही. पण त्या हाकेला भाषा लागली नाही. त्याचा हात आपोआप मागे आला. त्याच वेळी शिडात वारा भरला, दोर बंदुकीसारखा वाजला आणि चरखीवर आवळला गेला. ओवेनचा हातमोजा त्यात अडकून राहिला होता, आत बोटं नसलेला.

मग मागून सुकाणूवरून मोरागनं विचारलं, "ते काय म्हणालीस तू?" दीक्षानं अर्थ सांगितला. मोराग म्हणाली, "बरं. हाच आवाज हवा होता. भाषा तुझी तू ठरव." त्या दिवसापासून बोटीवर कुणाचंही बोट दोराजवळ गेलं की सगळे "हात काढ बे" म्हणायचे, वेल्सच्या, स्कॉटलंडच्या, जर्मनीच्या उच्चारांत. दीक्षानं त्यांना शब्द नीट शिकवला. ‘ढ’ काही कुणाला जमला नाही.

हात कापणं त्या रात्री सुरू झालं, नेहमीप्रमाणे सगळं होऊन गेल्यावर. ओवेननं तिला चहा करून दिला आणि शेजारी बसून राहिला.

शरदात ती शर्यतीसाठी निघाली. आदल्या दिवशी सुंदराबाई पांढरी साडी नेसून तिला गावातल्या विहारात घेऊन गेल्या. त्रिशरण झालं, भन्तेजींनी मनगटाला पांढरा दोरा बांधला. बडनेरा स्टेशनवर आम्ही सगळे होतो. ललितनं दोन पॉवर बँक आणल्या होत्या. काका फलाटावर तिला म्हणाले, "लाटा केवढ्या असतात?"

"मोठ्या असतात बाबा. पण लांबून दिसतात."

"दिसतात ना? मंग बरं," काका म्हणाले.

पुढचे चार आठवडे आम्ही नकाशावर एक ठिपका पाहत काढले. बोट कुठं आहे ते शर्यतीच्या संकेतस्थळावर दिसायचं. काकांनी ललितकडून फोन चालवायला शिकून घेतला. सकाळी उठल्यावर, दुपारी झोपण्याआधी आणि संध्याकाळी ते ठिपका पाहत आणि मला फोन करून सांगत, "हालला." एक दिवस ठिपका दक्षिणेला बराच खाली गेला तेव्हा ते दिवसभर अस्वस्थ होते. वादळ टाळायला बोट वळवली होती, हे आम्हाला मागाहून कळलं.

दीक्षाची बोट त्या टप्प्यात सातवी आली. अकरा बोटी होत्या. तिचा एक दात शिडाच्या आडव्या दांड्याला आपटून तुटला, सहा किलो वजन उतरलं, आणि डाव्या हाताची दोन बोटं पुढे दोन महिने बधिर होती. ओवेन पूर्ण फेरीला गेला, ती ऑस्ट्रेलियातून परतली. नाताळच्या सुट्टीत मी तिला आणायला नागपूर विमानतळावर गेले. वाटेत कोंढाळीला थांबून तिनं तीन प्लेट आलुबोंडा खाल्ला. नंतरच्या सोमवारी ती ऑफिसला गेली. कालव्यांतून पाणी सोडायच्या उन्हाळी आवर्तनाचं नियोजन रखडलं होतं.

सगळे तिला एकच विचारतात, सगळ्यात भारी काय वाटलं? शाळेत मी तिला बोलावलं होतं तेव्हा मुलींनीही तेच विचारलं. तिनं लाटांचं सांगितलं, आल्बट्रॉस पक्ष्याचं सांगितलं, तो पंख न हलवता दिवसभर बोटीमागे येतो ते सांगितलं. मुली खूश झाल्या. पण मला तिनं एक वेगळीच गोष्ट सांगितली होती, गॅलरीत कपडे वाळत घालताना.

एका पहाटे सुकाणू तिच्याकडे होतं. वादळ होऊन गेलेलं, वारा पाठीमागून, लाटा लांब लांब, टेकड्यांसारख्या, एकामागून एक बोटीखालून निघून जाणाऱ्या. मोराग खाली झोपली होती. पहिल्यांदाच ती दीक्षाच्या हाती बोट देऊन झोपली होती. पूर्वेला उजाडायला लागलं. सुकाणूचं चाक हातात थोडं डावीकडे ओढायचं, ती थोडं उजवीकडे सोडायची, लाट गेली की परत सरळ.

"आनंद वगैरे झाला का?" मी विचारलं.

"आनंद?" ती कपडा झटकत म्हणाली. "नाही गं. मला वाटलं, चाललंय बरोबर. एवढंच वाटलं. आणि ते दोन तास वाटत राहिलं. मग माझी पाळी संपली. ओवेन वर आला, त्याच्या हातात चाक दिलं, खाली गेले, ओले मोजे काढले आणि झोपले."